फुटबॉल मॅनेजरला प्रो लायसन्स हवंच का? आणि मोठ्या नावांना सूट कशासाठी?

उजवा_विंग:
प्रीमियर लीगच्या धाग्यावर परवा कोणीतरी लिहिलं की ज्याने आयुष्यभर टॉप लेव्हलला फुटबॉल खेळलंय त्याला कोर्सला बसवून काय शिकवणार, आणि त्याला धडाधड +१ पण आले. मला ते अजिबात पटलं नाही, तिथे लिहिलं असतं तर मॅचच्या चर्चेत वाहून गेलं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपात युएफाच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल महासंघाच्या, कोचिंग लायसन्सच्या चार मुख्य पायऱ्या आहेत, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. कमीत कमी तास ठरलेले आहेत, सी ला ६०, बी ला १२०, ए ला १८० आणि प्रो ला ३६०. म्हणजे सगळं मिळून ७२० तास, आणि त्यातला बराच भाग वर्गात नसतो, मैदानावर आणि स्वतःच्या क्लबमध्ये असतो. शिवाय प्रत्येक पायरीमध्ये प्रत्यक्ष कोचिंग केल्याचा अनुभव लागतो. लायसन्स एकदा मिळालं की जन्मभराचं असंही नाही, ३ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी १५ तासांचं पुढचं शिक्षण. टॉप डिव्हिजनला हेड कोच (इंग्लंडमध्ये त्यालाच मॅनेजर म्हणतात) व्हायचं तर प्रो पाहिजे, निदान त्या कोर्सला नाव तरी घातलेलं पाहिजे.

नियम इतका सरळ आहे, पण वाकवला कोणासाठी जातो ते बघा. २००६ मध्ये साउथगेट कालपर्यंत मिडल्सब्रोचा कॅप्टन होता, आज मॅनेजर, प्रो नाही, सूट मिळाली. २००७ ला मोरिन्होला काढून चेल्सीने अव्रम ग्रँटला बसवलं, त्याच्याकडेही युएफा प्रो नव्हतं, इंग्लंडच्या मॅनेजरांच्या संघटनेने नाराजी दाखवली, पण झालं काहीच नाही. २००८ ला ब्लॅकबर्नमध्ये पॉल इन्स, पुन्हा सूट. इटलीचा मोठा प्लेअर पिर्लो म्हणजे तर कळसच, जुलै २०२० च्या शेवटी तिथल्या युव्हेंटस क्लबच्या अंडर २३ टीमचा कोच म्हणून नेमला आणि दहा दिवसांच्या आत मेन टीमचा कोच साऱ्रीला काढून थेट मेन टीम हातात. एकही मॅच कोच म्हणून न खेळवता. प्रो चा कोर्स कोव्हेर्चानोला, इटलीच्या कोचिंग सेंटरला, चालू होता, सप्टेंबरमध्ये प्रबंध देऊन तो पूर्ण झाला.

एकच सूट मला मनापासून पटते, ती ग्लेन रोडरची. वेस्ट हॅमला असताना २००३ मध्ये त्याला ब्रेन ट्यूमर निघाला, त्यात त्याचा कोर्स राहिला. २००६ ला न्यूकॅसलने त्याला कायम करायचं ठरवलं तेव्हा लीगने परवानगी दिली. माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, तिथे नियमाने माणुसकी दाखवलीच पाहिजे. पण बाकीच्यांना काय अडचण होती? नाव मोठं होतं, एवढीच.

माझं म्हणणं असं की लायसन्स हा ज्याच्याकडे नाव नाही त्याचा आधार आहे. मोठ्या प्लेअरला त्याची गरज नसते, त्याला फोन येतोच. ज्याने थर्ड डिव्हिजनच्या पलीकडे बूट घातले नाहीत त्याच्याकडे दाखवायला हे एकच असतं. म्हणून नियम मोडून मोठ्याला आत घेतलं की एका अनोळखी माणसाची जागा जाते. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_डिफेंडर:
धागा चांगला आहे पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो. विल स्टिल घ्या. ऑक्टोबर २०२२, कोच ऑस्कर गार्सियाला काढून फ्रान्सच्या रीम्स क्लबने या ३० वर्षांच्या पोराला टीम दिली. प्रो लायसन्स नाही म्हणून क्लबला दर मॅचला २५,००० युरो दंड, आपल्याकडचे तेव्हाचे साधारण २२ लाख रुपये. दर मॅचला!! आणि या पोराने काय केलं, लीगमधल्या पहिल्या १७ मॅच हरलाच नाही. पीएसजीच्या घरी जाऊन ९६ व्या मिनिटाला बालोगनच्या गोलवर १-१. मेस्सी, नेमार, एम्बाप्पे समोर. मग सांगा तो कागद काय मोजतो? दंड भरून पण क्लबला परवडलं यातच सगळं आलं.

आणि अमोरिम. २०२० च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबने ब्रागा क्लबला १ कोटी युरो मोजले या एका कोचसाठी, ज्याच्याकडे हवं ते लायसन्स नव्हतं. पोर्तुगालच्या कोचेसच्या संघटनेने तक्रारी केल्या, कागदावर हेड कोच म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव. पुढच्याच सीझनला, २०२०-२१ ला, स्पोर्टिंग चॅम्पियन, १९ वर्षांनी. तुमचा नियम कडक पाळला असता तर हे झालंच नसतं.

उजवा_विंग:
@खडूस_डिफेंडर, स्टिलचं उदाहरण लोक नेहमी अर्धंच देतात. तो काही रस्त्यावरून उचलून आणलेला नव्हता. बेल्जियमच्या सिंत-त्रुइडेन क्लबला व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट म्हणून सुरुवात, मग तिथलेच लिर्स, बीरशॉट, रीम्समध्येच असिस्टंट. खालच्या पायऱ्या चढलेला माणूस होता, शेवटची राहिली होती. म्हणजे तो त्याच शिडीवर होता की. आणि अमोरिमच्या बाबतीत मला राग त्याचा नाहीच, कागदावर एक नाव आणि टचलाइनवर दुसरा माणूस, या नाटकाचा आहे. ज्याचं नाव कागदावर होतं त्याने लायसन्स कमवायला वर्षं घातली होती ना? त्याचा उपयोग काय तर सही करायला.

पेठेतला_गोली:
भावांनो ह्ये नाटक आपल्याकडं लई जुनं हाय. सुभाष भौमिक आठवा. २००३ ला ईस्ट बंगालला घेऊन आसियान कप जिंकून आलेला माणूस, दोन नॅशनल लीग पाठोपाठ, अन आय-लीगमध्ये, म्हंजी नॅशनल लीगच्या जागी आलेल्या लीगमध्ये, लायसन्सचा नियम आल्यावर त्याला कोच म्हणून बसता येईना. २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्स चॅम्पियन झाली तवा भौमिकदा टेक्निकल डायरेक्टर अन कोच म्हणून मारियानो डायस. सगळ्यांना ठाऊक टीम कोणाच्या डोक्यानं चालतीय. आता मला सांगा, साठी उलटलेल्या माणसानं वर्गात बसून पेपर लिहायचा?

गोंयचो_मिडफिल्डर:
गोव्यातून लिहितोय. भौमिकदांबद्दल आदर आहेच, २०२२ च्या जानेवारीत गेले तेव्हा इकडे चर्चिलच्या जुन्या लोकांना खरंच वाईट वाटलं. पण त्याच काळातले इकडचे लोक बघा, डेरिक परेरा. २००५-०६ ला महिंद्रा युनायटेडला नॅशनल लीग जिंकून दिली आणि त्यानंतरसुद्धा शिकत राहिले, प्रो पर्यंत गेले. सावियो मडेरा इंडियाचे कोच राहिलेले, नंतर भारताच्या फुटबॉल फेडरेशनच्या कोच एज्युकेशनमध्येच काम केलं. म्हणजे मोठा कोच वर्गात बसत नाही असं काही नाही, बसणारे बसले.

आणि पेठेतल्या भाऊ, नियम आला तेव्हा जुन्या लोकांसाठी वेगळी वाट ठेवायला हवी होती हे मात्र मान्य. अनुभवाचं मूल्यमापन करून, तोंडी परीक्षा घेऊन, काहीतरी. ती ठेवली नाही ही चूक नियम करणाऱ्यांची.

निळी_जर्सी:
+१ गोंयकरांना. आणि खालिद जमीलचं नाव अजून कसं नाही आलं? महिंद्रा, एअर इंडिया खेळलेला माणूस, मग मुंबई एफसीला वर्षानुवर्षं कोच. कूपरेजला मॅचला जायचो आम्ही, स्टँडमध्ये गर्दी नसायची त्यामुळे खालिदभाईंचा आवाज पूर्ण ९० मिनिटं ऐकू यायचा. टीमचं बजेट सगळ्यात कमी, तरी रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून, दरवर्षी वाचवायचे. मग २०१६-१७ ला ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आदल्या वर्षी खाली गेलेली टीम होती ती!

आता मुद्दा. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाल्यावर सगळे हेड कोच परदेशी, आपले लोक असिस्टंट. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेड क्लबने कोच काढला, खालिदला तात्पुरता बसवला, तो टीमला न हरता सेमीफायनलला घेऊन गेला आणि पुढच्या सीझनला कायम हेड कोच, आयएसएलमधला पहिला भारतीय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंडियाचा कोच. त्याच्याकडे प्रो लायसन्स नसतं तर क्लबला "नियमात बसत नाही" हे कारण आयतं मिळालं असतं. लायसन्स होतं म्हणून ते कारण देता आलं नाही. उजवा_विंग म्हणतायत ते हेच आहे असं मला वाटतं.

खडूस_डिफेंडर:
खालिदचं पटलं. पण मग झिदान? २०१४ ला रियालच्या बी टीमला होता, हवं ते लायसन्स नाही म्हणून स्पेनच्या एका कोचिंग स्कूलच्या प्रमुखाने तक्रार केली, ऑक्टोबरमध्ये ३ महिन्यांची बंदी पण सांगितली गेली. ती टिकली नाही ते सोडा. पुढे २०१६, २०१७, २०१८, सलग तीन चॅम्पियन्स लीग. अशा माणसाला अडवून फुटबॉलचा काय फायदा?

सी_लायसन्सवाली:
इतके दिवस वाचनमात्र होते, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी पुण्यात मुलींना शिकवते, डी (आपल्याकडे सी च्या खालची पायरी) करून मग सी केलंय. वर सगळे "कागद, कागद" म्हणतायत, कोर्समध्ये नक्की काय होतं ते कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सगळ्यात अवघड भाग असतो स्वतः सेशन घ्यायचा. तुम्हाला विषय मिळतो, समजा "मिडफिल्डमध्ये बॉल घेताना वळणं". रात्री बसून कागदावर प्लॅन काढायचा, ग्रिड किती बाय किती मीटर, किती प्लेअर, कोन कुठे, बिब (टीम ओळखायचं रंगीत जाकीट) कोणाला, वळवळती रेघ म्हणजे ड्रिबल. सकाळी तुमचेच बॅचमेट प्लेअर बनून समोर उभे, आणि इन्स्ट्रक्टर वही घेऊन बाजूला. पंधरा वीस मिनिटं तुमची. खेळ चालू असताना चूक दिसली की "स्टॉप" म्हणून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचं. आता खरी गंमत, नेमक्या क्षणी थांबवलं पाहिजे, एक सेकंद उशीर झाला की चित्र बदललेलं असतं आणि तुम्ही जे दाखवणार ते तिथे उरलेलंच नसतं. मग प्लेअरला विचारायचं तुला काय दिसत होतं, दुसरा पर्याय कुठला होता, स्वतः करून दाखवायचं, त्याच्याकडून एकदा हळू करून घ्यायचं आणि खेळ परत सुरू. हे सगळं अर्ध्या मिनिटात, कारण जास्त बोललात तर बाकीचे थंड पडतात.

आमच्या बॅचला वरच्या लेव्हलला खेळलेला एक जण होता, बॉलवर काय कंट्रोल होता त्याचा, बघत राहावं. पण त्याला थांबवताच येईना. चूक त्याला आमच्या आधी दिसायची, पण ती का झाली हे शब्दात सांगता यायचं नाही, म्हणायचा "अरे असं कर ना" आणि स्वतः करून दाखवायचा. समोरच्याला ते जमणार कसं? शेवटी तो खूप सुधारला आणि चांगला पास झाला. खेळता येणं आणि शिकवता येणं यातलं अंतर मी तिथे डोळ्याने बघितलं.

झिदानला हे लागत नसेल. पण झिदान किती असतात?

निळी_जर्सी:
ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर पिन करायला हवा.

कार्डिफकर:
वेल्समध्ये राहतो म्हणून थोडी इकडची माहिती. आर्तेता, आन्री, व्हिएरा या तिघा मोठ्या प्लेअरांनी कोचिंगचे कोर्स वेल्सच्या असोसिएशनकडे केलेत, माझ्या घरापासून जवळच न्यूपोर्टला ड्रॅगन पार्क म्हणून सेंटर आहे. तसंच आधी स्कॉटलंडचं लार्ग्स, तिथेही कोचिंगचे कोर्स. मोरिन्हो तिथे शिकला, पोर्तुगालचाच कोच व्हिलास-बोआस तर इंग्लिश मॅनेजर बॉबी रॉब्सनच्या ओळखीने पोरगेलेशा वयात तिथे पोचला. फर्ग्युसननेसुद्धा खेळत असतानाच लार्ग्सला कोर्स केला होता. छोट्या देशांनी कोचिंग शिकवणं हीच आपली ओळख बनवलीय.

दुसरं, इथे पोरांच्या टीमला बरेचदा आईवडीलच कोच असतात, माझ्या मुलाच्या टीमला मी मदत करतो. तेवढ्यासाठी पण सुरुवातीचा छोटा कोर्स, प्रथमोपचार, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि डीबीएस चेक, म्हणजे तुमच्यावर काही गुन्हा नोंद आहे का याची तपासणी. लायसन्सवरच्या चर्चेत डावपेचांबद्दलच बोललं जातं, पण सात वर्षांचं पोर डोक्यावर आपटलं तर काय करायचं, कुठल्या मुलाशी एकट्याने खोलीत बोलायचं नाही, हे माहीत असणं माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे.

महागाईबद्दल मात्र बोललंच पाहिजे. वरचे कोर्स इथे हजारो पाउंडांचे आहेत आणि प्रो च्या एका बॅचला मोजकीच माणसं घेतात. क्लबमध्ये नोकरी असेल तर प्रवेश सोपा, आणि नोकरीसाठी लायसन्स हवं. नाव नसलेला माणूस या दोन्हीत अडकतो.

उजवा_विंग:
@कार्डिफकर, अगदी याच मुद्द्यावर यायचं होतं. नियम कडक ठेवा पण दार मोठं करा, आणि हे आइसलंडने करून दाखवलंय. २०१६ च्या सुमाराला लोकसंख्या साधारण सव्वातीन साडेतीन लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरापेक्षा कमी. २००० नंतर त्यांनी इनडोअर हॉल बांधले आणि सोबत कोचेस घडवले, शेकडो लोकांना बी आणि ए पर्यंत नेलं. आठ दहा वर्षांच्या पोरांना शिकवणारा माणूसही लायसन्सवाला आणि पगारी. २०१६ च्या युरोत नीसला इंग्लंडला २-१ हरवलं तेव्हा त्यांचा एक कोच हेइमिर हालग्रिमसन पेशाने डेंटिस्ट होता. आणि २०१८ ला वर्ल्ड कपला पात्र ठरले. डेंटिस्ट कोच म्हणून सगळ्या जगाने मजेशीर बातमी केली, पण त्या माणसाने पायऱ्या सगळ्या चढल्या होत्या. तिकडे पायऱ्या उपलब्ध होत्या हा खरा फरक.

आणखी एक नाव, कोरिन दियाक्र. २०१४ ला फ्रान्सचा सगळ्यात वरचा कोचिंग डिप्लोमा मिळवणारी पहिली बाई, त्याच वर्षी क्लेरमाँची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टीमची कोच, आणि तीन सीझन टिकली. समजा फ्रान्समध्ये "मोठा प्लेअर होता, चालतंय" असा रिवाज असता, तर तिच्यापर्यंत पाळी आली असती का?

पेठेतला_गोली:
आइसलंडची कोल्हापूरशी तुलना केली ते बरं केलं. आमच्याकडं शाहू स्टेडियमला पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या टीमच्या मॅचला पाय ठेवाय जागा नसती. पोरांच्यात जिगर बक्कळ. अनिकेत जाधव २०१७ ला अंडर १७ वर्ल्ड कप खेळून आला. पण लहान पोरांना पेठेत शिकवतो कोण, तर जुना प्लेअर, जीव तोडून, फुकट, नोकरीवरनं आल्यावर. त्याला कोर्स करायचा म्हटलं तर रजा काढा, फी भरा, बाहेरगावी राहा, अन सगळं इंग्रजीत. माझ्या ओळखीचा एक हाय, दहावी झाल्यावर शाळा सुटली, खेळ असा वाचतो की बघत राहावं, पण इंग्रजीतल्या पेपरला भिऊन जातच नाही. ह्यासाठी लायसन्स नको म्हणत नाही मी, पण कोर्स मराठीत पायजे अन कोल्हापुरात पायजे.

सी_लायसन्सवाली:
@पेठेतला_गोली, भाषेचं शंभर टक्के खरं. मी गेलेल्या कोर्सला पण लेक्चर इंग्रजीतच होती, साताऱ्याकडचे दोघं रात्री जेवणानंतर माझ्याकडून नोट्स समजून घ्यायचे. मैदानावर मात्र त्यांना काही अडलं नाही, सेशन हिंदी मराठीत घ्यायला इन्स्ट्रक्टरने मोकळेपणाने परवानगी दिली होती. तुमच्या मित्राला एवढं सांगा की डी मध्ये मैदानावरच्या कामालाच महत्त्व आहे, लिहायचं थोडं आहे आणि ते सरावाने जमतं.

खडूस_डिफेंडर:
बरं माझं मत थोडं बदलतंय, पूर्ण नाही. लहान मुलांना आणि मधल्या लेव्हलला लायसन्स पाहिजेच, हे मान्य. पण सगळ्यात वर, जिथे मालकाचे कोट्यवधी लागलेत, तिथे तो कोणाला ठेवतोय ती त्याची जबाबदारी. टीम हरली तर भोगेल तो.

उजवा_विंग:
हरल्यावर मालक कोच बदलतो, भोगतात प्लेअर आणि प्रेक्षक. पिर्लोच्या वर्षी युव्हेंटसची सलग नऊ स्कुडेटोंची (इटलीच्या लीगच्या विजेतेपदांची) मालिका तुटली, चौथे आले, कोपा इटालिया हा तिथला कप मिळाला पण मे महिन्यात त्याला काढलं. मला पिर्लोबद्दलच वाईट वाटतं, दोन वर्षं अंडर २३ ला घालवली असती तर तो वेगळा कोच झाला असता. याच्या उलट जर्मनीचा नागेल्समन बघा. गुडघ्यामुळे विशीतच खेळ सुटला, सीनियर फुटबॉल खेळलाच नाही, ज्युनियर टीम सांभाळत वर आला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत २८ व्या वर्षी तिथला होफेनहाइम क्लब हातात घेतला, टीम सतराव्या नंबरवर. तोपर्यंत जर्मनीचा सगळ्यात वरचा कोर्स जवळजवळ संपत आला होता, पुढच्याच महिन्यात परीक्षा पास. टीम वाचली आणि पुढच्या सीझनला चौथी. दोघंही तरुण, दोघंही हेड कोच म्हणून नवे, फरक आधी केलेल्या कामाचा.

आणि वर ज्याच्या जागी पिर्लो आला तो साऱ्री कोण? बँकेत नोकरी करणारा, प्रोफेशनल कधीच न खेळलेला, गावच्या टीमपासून चढत आलेला. त्याने युव्हेंटसला २०२० ची लीग जिंकून दिली होती.

नवा_मेंबर:
नमस्कार, धागा पूर्ण वाचला. नाशिकला असतो, वय २४, कॉलेजपर्यंत खेळलो, आता सोसायटीतल्या मुलांना रविवारी शिकवतो. मला डी करायचं असेल तर सुरुवात कुठून करू? मोठ्या लेव्हलला खेळलेलो नाही, चालतं का?

सी_लायसन्सवाली:
चालतं, नक्की चालतं. महाराष्ट्रातले कोर्स विफा, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेमार्फत होतात, त्यांच्या आणि फेडरेशनच्या जाहिरातीवर लक्ष ठेव, जागा लवकर भरतात. तोपर्यंत तीन गोष्टी कर. खेळाचे नियम नीट वाच, आपण समजतो तितके आपल्याला येत नसतात. दर रविवारी सेशनच्या आधी प्लॅन कागदावर काढ आणि नंतर त्याच कागदावर काय फसलं ते लिही. आणि जवळपास कोणी लायसन्सवाला कोच असेल तर त्याच्या मागे उभा राहून एक महिनाभर नुसता बघ, तो बोलतो कधी आणि गप्प कधी राहतो. शारीरिक तयारी पण ठेव, कोर्सला दिवसभर दुसऱ्यांच्या सेशनमध्ये प्लेअर म्हणून पळावं लागतं.

पेठेतला_गोली:
ताई, ह्याच्या सोबत माझ्या मित्राचं पण घ्या की मनावर. तुमच्या नोट्स मराठीत असतील तर पाठवता का? मी टाइप करून इथंच टाकतो, बाकीच्यांना पण होतील.

सी_लायसन्सवाली:
कोर्सचं छापील साहित्य असं टाकता येणार नाही, पण माझ्या स्वतःच्या वहीतलं मराठीत लिहिलेलं आहे, सेशन प्लॅन आणि निरीक्षणं. त्याचे फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. टाइप करताना अडलं तर विचारा.

उजवा_विंग:
त्यासाठी वेगळा धागा काढूया का? आकृत्या मी काढून देतो. @कार्डिफकर, तिकडच्या सुरुवातीच्या कोर्समधलं मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जे शिकवतात ते तुम्ही तुमच्या शब्दात मराठीत लिहाल का?

कार्डिफकर:
लिहितो. वीकेंडपर्यंत वेळ द्या.